काकूच्या वरातीतला हीटर

अबे, काकाच्या जुन्या विलायती गाडीत डॅशबोर्डखाली चक्क हीटर निघाला! व्हिंटेज गाड्यांचा शौकीन माझा दोस्त म्हणे, "नागपुरात विकाच्या गाडीत कंपनी हीटर कायले देईल गा? मागून बसवला असंल. काढ, नाही तं गाडीले ओरिजनल कोणी म्हणणार नाही."

मी पाना लावलाच होता, तं काकू आली. "काहून काढून राहिला? कंपनीचाच आहे तो."

"तुले कसं माहीत?"

"आमच्या वरातीत, भर मे महिन्यात, इंजिन तापलं. तुह्या काकानं हीटर चालू करून इंजिनची सारी गरमी आत घेतली. गाडी थंड झाली, माझे मेंदीचे पाय भाजले."

"पण ओरिजनल कशावरून?"

"तवा गाडी कोरी होती. अन् मीबी."