यंदाचा पट्टा

(निमगाव केतकीच्या पलीकडचा माळ. गावच्या वनसमितीनं राखलेल्या रानाचं फाटक. सकाळची वेळ, थंडी पडलेली.)

रामहरी : फाटक उघडा, वैनी. बाया विळे घेऊन निघाल्यात. टमटम भरून येतील आत्ता.

कुशाबाई : आज गवताची कापणी न्हाय, भावजी.

रामहरी : न्हाय म्हंजे? समितीच्या अध्यक्ष तुमी. चार पट्टे, दरसाल एकच कापायचा, बाकीचे राखायचे, हा कायदा तुमचाच. यंदा वढ्याकडच्या पट्ट्याची पाळी हाय.

कुशाबाई : त्याच पट्ट्यात लांडगीण व्यालीय. काल सांजच्याला आमच्या सूनबाईनं डोळ्यांनी बघितली.

सुप्रिया : हो काका. ओढ्याच्या दरडीत बीळ आहे. तोंडाशी पिल्लं लोळत होती, मांजराच्या पिलांएवढी.

रामहरी : तरीच! माझी गाभण शेळी हिनंच नेली. सरका, दोन धोंडं टाकतो बिळावर, इषय संपला.

कुशाबाई : धोंड्याच्या आधी मला उचलून बाजूला ठेवावं लागंल. जमंल का? परवा कंबर धरलीय म्हणत हुता.

रामहरी : चेष्टा नका करू. शेळी माझी गेली, तुमची न्हाय.

कुशाबाई : गेली, खरं हाय. वनखात्याच्या हापिसात मी येते तुमच्यासंगं. भरपाईचा कागद झाल्याबिगर उठायची न्हाय. पर बिळाला हात लावायचा न्हाय.

सुप्रिया : आई, मी काय म्हणते, हा पट्टा सोडून शेजारचा कापला तर?

कुशाबाई : शेजारचा गेल्या साली कापलाय. हिवराला आत्ता कुठं फूट आलीय. एकदा पाळी मोडली की पुढल्या साली दुसरं निमित्त, आन् त्याच्या पुढल्या साली शेळ्या आत.

रामहरी : एका सालानं काय हुतंय?

कुशाबाई : मी लगीन होऊन आले तवा पार वढ्यापतोर हिवराची झाडी हुती. आमी पाण्याला गेलो की हरणं पलीकडच्या अंगाला उभी. रातच्याला लांडगं वरडलं की सासूबाई म्हणायच्या, निजा गं, रान जागं हाय. ते रान कुणी तोडलं सांगा बरं?

रामहरी : मला काय ठावं. मी लहान हुतो.

कुशाबाई : कुणीच न्हाय तोडलं. ज्यानं त्यानं आपली गरज तेवढी भागवली.

रामहरी : बोलायला ग्वाड हाय. जनावरांनी खायाचं काय? तुमच्या तोंडाकडं बघून दूध देत्यात व्हय?

कुशाबाई : ऊसतोड चालू झालीय. उसाचं वाढं घालायचं.

रामहरी : वाढ्यानं दूध आटतं. तुमीच सांगत फिरता.

कुशाबाई : आटतं. माझ्या म्हशीचंबी आटंल.

सुप्रिया : आई, अहो, आपली म्हैस आत्ताच तर व्यालीय.

कुशाबाई : लांडगीणबी.

रामहरी : बाया ऐकायच्या न्हाईत, वैनी. ती बानूबाई तर तुमच्या झिंज्या धरंल.

कुशाबाई : धरू दे की. हायेत कुठं धरायला? पिल्लं पळाय लागली की ती आपसूक जागा बदलंल. मग ह्योच पट्टा कापू. गवत वाळून कडक झालेलं असंल, तर कडक खातील जनावरं. पर तवर फाटक उघडायचं न्हाय.

रामहरी : लई हट्टी हायसा.

कुशाबाई : हट्ट केला म्हणून तर फाटक लावण्याजोगं रान हाय हितं.

सुप्रिया : आई, टमटम चढावर आली. बानूबाई पुढंच बसलीय.

कुशाबाई : येऊ दे. मी हितंच बसते.

रामहरी : तुमी गप ऱ्हावा. तुमी सांगितलं तर म्हणतील, म्हातारीला खूळ लागलंय. ज्याची शेळी गेली त्यानं सांगितलेलं बरं.

कुशाबाई : काय सांगणार हायसा?

रामहरी : काय सांगायचं... आत बाळंतीण हाय म्हणून सांगतो.