रुमालाखाली डॉक्टर

हॅलो?… हॅलो… हो, परतूरच. दीपचंद शेटची अडत. मी रखमाजी बोलतोय… कोण, वैनी? मुंबईहून? अहो, एवढ्या मोठ्यानं कशाला? माझे दोन्ही कान शाबूत हायेत. तक्रार दादाच्या कानाची.

हां… आपरेशन उद्या सकाळी. बराबर… गाठ कानाच्या आत, मेंदूला लागून, ते ठाऊक हाय… त्या कानानं ऐकू येणं बंदच होणार? बरं. आणि तोंड?… तोंडाच्या शिरेला चिकटलीय? म्हणजे सगळी काढली तर अर्धं तोंड लुळं… डोळाबी मिटणार न्हाई? वैनी, दादासारखा बैलबाजारातला दलाल झोपेतबी एक डोळा उघडा ठेवून असंल तर बरंच की… न्हाई, न्हाई, गंमत केली. रडू नका. ऐका ना.

दादा काय म्हणला?… थोडी शिरेवर राहू द्या, तोंड वाचवा? पुन्हा वाढली तर पुन्हा येऊ?… हां. आणि डॉक्टर कबूल झाले? कसे?… काय? रुमालाखाली?

थांबा. सावकाश सांगा. दादानं डॉक्टरचा हात धरला… वरून रुमाल टाकला, बाजारात बैलाचा भाव करतात तसा… एक बोट दाबलं, म्हणजे रुपयातली आणाभर गाठ ठेवा… आणि डॉक्टरनंबी परत दाबलं, म्हणून सौदा पटला? अहो वैनी! डॉक्टरला वाटलं असंल, पेशंट हाताची ताकद दाखवून राह्यलाय! त्यांनी जिंदगीत बैल घेतलाय का?… न्हाई ना? मंग उद्या ते सगळी गाठ काढून मोकळे होतील, आणि दादा म्हणंल, माझ्याशी बेइमानी झाली!

डॉक्टर तिथंच हायेत? द्या, जल्दी द्या… नमस्कार साहेब. मी पेशंट रामकिसनचा धाकटा भाऊ. साहेब, तुम्ही त्याच्याशी एक सौदा केलाय… तुम्हाला माहीत न्हाई, पण केलाय… हां, तोच रुमाल… जी न्हाई, कवायत नव्हती ती. गाठीचा शेवटचा पापुद्रा शिरेवर राहू द्या, असं त्याचं म्हणणं हाय… जी… वाढू शकती, त्याला कल्पना हाय… त्याचंच म्हणणं, साहेब. माझं असतं तर मी नीट तोंडानं बोललो असतो… पापुद्रा ठेवता? पण तोंड वाचंलच, असं वचन न्हाई?… बिलकुल न्हाई?… बरं. खरं बोललात. मेहरबानी.

वैनी, झालं. आता कबूल झाले… दादाला द्या… दादा? ऐक. फोन दुसऱ्या कानाला लाव. हो, दुखऱ्याच. अजून थोडं ऐकू येतंय ना त्यातनं, उद्यापासून न्हाई यायचं?… मंग लाव म्हणतो ना.

शेट, ही वायर दारापर्यंत पुरती का? जरा सरका… दादा, आपला ढवळ्या बैल आलाय गाडीला. दारातून मान आत घातलीय त्यानं. शेट बघून राह्यलेत नुसते… थांब. ए ढवळ्या, हलव मान. हलव बाबा… हां! घुंगरं ऐकलीस?… दादा?… थोडं? मंग अजून वाजवतो.

कोण बोलतंय? एक्सचेंजच्या बाई? मधी नका येऊ. कॉलचा वेळ संपला तर संपू द्या, अजून घुंगरं चालू हायेत… हॅलो?… दादा?… हॅलो?