बंदूक नंतर बघू, आधी काडतुसं

…आणि वर मलाच विचारतात हो, ‘अनया, तुझ्याकडे किती आहेत गं?’ आता काय सांगू? आमच्या या डब्लिनमध्ये, म्हणजे ओहायोतल्या, मराठी मंडळाची चाळीस घरं. त्या चाळीस घरांत मिळून नेमबाजी येणारी व्यक्ती एक, ती मी. आणि काडतुसं कोणाकडे? सगळ्यांकडे. गुरुनाथकाकांकडे तीन हजार. प्रीतामावशींकडे सहा खोकी, बेसमेंटमध्ये, तूरडाळीच्या मागे, ओल लागू नये म्हणून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली. आणि माझ्याकडे? पन्नास.

मी जळते म्हणतात. जळते. कबूल. पण का जळते ते तरी ऐकून घ्या.

तुम्हाला सांगते, माझा जन्म इथलाच, पण अकराव्या वर्षी आईबाबांनी मला पाचगणीच्या शाळेत नेऊन टाकलं, का तर मुलीला मराठी यायला हवं. मराठी आलं, आणि सोबत नेमबाजी आली. पुढे पुण्याला कॉलेज, विषय अर्थशास्त्र, आणि रोज संध्याकाळी रेंज. आमचे पाचगणीचे सर म्हणजे… रोज चाळीस काडतुसं मोजून हातात द्यायचे आणि चाळीस रिकाम्या पुंगळ्या मोजून परत घ्यायचे, एक कमी पडली तर सगळ्यांनी ओणवं होऊन गवतात शोधायची. म्हणायचे, “गोळी सुटण्याआधी तिची किंमत डोक्यात सुटली पाहिजे.” नीट कळायचं नाही, पण ऊर भरून यायचा. तर मी त्या संस्कारातली. राज्याच्या निवडीला दोन महिने असताना साथ आली, कॉलेज बंद, रेंज बंद, विमानं बंद होता होता कसंबसं तिकीट मिळालं आणि मी परत ओहायोत. वाईट वाटलं, पण मनात म्हटलं, अगं, अमेरिका आहे ही, इथे काडतुसं दुधाच्या पिशवीसारखी मिळतात. इथल्या क्लबातून पुढच्या मार्चमध्ये राज्याच्या स्पर्धेला एक जण जाणार होता, क्लबची स्पर्धा जिंकेल तो. एकच. ती जागा माझी. दहा वर्षं ज्याच्यासाठी पालथं पडून कोपरं सोलली, ती जागा.

आणि देशभर काडतुसं गायब.

का गायब? हे मला कळतं, हेच तर माझं दुर्दैव. कारखाने बंद पडले होते का? नाही. उलट दिवसरात्र चालू. पण वर्षाला एक खोकं घेणारा माणूस घाबरला की दहा घेतो. ज्याने जन्मात घेतलं नाही, तोही घ्यायला येतो. कारखानदार नवीन मशीन टाकत नाही, कारण त्याला माहीत असतं, वर्षभरात यांची भीती उतरणार आणि मशीन त्याच्या गळ्यात पडणार. जी आहेत ती मशीनं आधी पिस्तुलाच्या महागड्या काडतुसांमागे लागतात, आमच्या रायफलीचं बारीक पॉइंट टू-टू बिचारं रांगेत शेवटी. बरं, ही काडतुसं कोणी उडवतं का? छे. नुसती दुकानातून उठतात आणि तळघरात जाऊन बसतात. म्हणजे टंचाई असते कुठे? फळीवर. माल असतो कुठे? फळी रिकामी करणाऱ्यांच्या घरी.

हे सगळं मला कळत होतं, आणि अशा वेळी शिकलेल्या माणसाने गप्प बसायचं का? मी नाही बसले. दुकानात गेले. फळीवर पॉइंट टू-टूची नऊ खोकी होती. काउंटरवरचे हॅरल आजोबा म्हणाले, “टेक ऑल ऑफ देम, हनी.” मी एकच घेतलं. पन्नास काडतुसं. तत्त्व म्हणजे तत्त्व. उरलेल्या आठांचा फोटो काढला आणि मंडळाच्या ग्रुपवर टाकला, खाली हे असं लांबलचक लिहिलं: ‘काडतुसांची टंचाई आहे अशी अफवा आहे. घाबरून खरेदी करू नका. टंचाई वस्तूची नसते, भीतीची असते. हा पाहा पुरावा, अमुक दुकानात अजून आठ खोकी आहेत.’ वाटलं, आता लोकांचे डोळे उघडतील.

उघडले. सात मिनिटांत गुरुनाथकाकांचा मेसेज: ‘थँक्यू फॉर द अलर्ट, बेटा. दुकान किती वाजता उघडतं?’

मी लिहिलं, ‘काका, तुमच्याकडे बंदूक आहे का?’

काका म्हणाले, ‘बंदूक नंतर बघू.’

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम गेले, बघू तरी म्हटलं. बर्फ पडतंय, आणि दुकानाबाहेर रांग. रांगेत कोण? आपलीच माणसं. टोप्या, मफलर, मास्क, थर्मासमध्ये चहा. वसंतात आट्यासाठी पटेलच्या दुकानाबाहेर जी रांग होती ना, तीच रांग, त्याच क्रमाने. प्रीतामावशी पुढून तिसऱ्या. मला बघून म्हणतात, “ये ये, अनया, तुझा नंबर धरलाय.” म्हटलं, “मावशी, मला नकोय.” तर शेजारच्या बाईंना सांगतात, “बघितलंस? हिने आधीच घेऊन ठेवलंय.”

दुकानाने नियम केला, माणशी एक खोकं. झालं. नियम केला की माणसं वाढतात. गुरुनाथकाकांनी बायको आणली, मुलगी आणली, व्हीलचेअरवरून सासूबाईंना आणलं. एक्याऐंशी वर्षांच्या सासूबाई काउंटरवर हात पुढे करून शांतपणे म्हणाल्या, “एक द्या.” आणि दर मंगळवारी नवा माल यायचा की हीच यात्रा, आठवड्यामागून आठवडे. असे काकांकडे तीन हजार झाले. आणि माझ्याकडे? पन्नास.

दुसऱ्यांचं काय घेऊन बसलात, आमच्या घरातलं ऐका. एका शनिवारी बाबा दोन तास गायब. परत आले ते लढाई जिंकल्यासारखे, टेबलावर चार खोकी ठेवली. माझा जीव भांड्यात पडला हो, म्हटलं बाप तो बापच. खोकं उघडून बघते तर नऊ मिलिमीटरची. पिस्तुलाची.

“बाबा, ही माझ्या रायफलीत बसत नाहीत.”

“नाही बसत?”

“नाही.”

“मग यात बसेल अशी बंदूक घेऊ.”

“बाबा, घेतलीत तरी का?”

“लाइन होती,” बाबा म्हणाले. “मोठी होती. वाटलं, काहीतरी चांगलं असणार.”

तर आता सराव कशाने करायचा? पन्नास उडवली तर स्पर्धेला काय नेऊ? म्हणून मी कोरडा सराव सुरू केला. रिकामी रायफल, बेसमेंटमधल्या भिंतीवर पेनाने एक ठिपका, श्वास सोडायचा, चाप ओढायचा, टक. परत श्वास, परत टक. वर बाबांची ऑफिसची मीटिंग, खाली मी टक. शंभर वेळा टक. नेम लागला की नाही हे कोण सांगणार? तो ठिपका काही बोलत नाही.

आणि अशात, तुम्हाला सांगते, कहर झाला. गुरुनाथकाकांचा फोन. “अनया, अगं ती काडतुसं नुसती पडून आहेत. वाया जातील. म्हणून एक रायफल घेतलीय.” बघितलंत? लोक बंदुकीसाठी काडतुसं घेतात, काकांनी काडतुसं संपवायला बंदूक घेतली. उरलेली कोथिंबीर संपवायला वडी करतात ना, तसं. “तर आमच्या लेकीला, कादंबरीला, शिकव ना जरा. तुला येतं, तिला शिकायचंय. ज्ञान वाटल्याने वाढतं, तूच लिहिलं होतंस ग्रुपवर.”

लिहिलं होतं. मीच.

गेले शिकवायला. कादंबरी वीस वर्षांची, गोड मुलगी, तोंडातल्या तोंडात हसणारी, तिच्यावर रागावतासुद्धा येत नाही, हा आणखी एक त्रास. मी तिला पालथं झोपायला शिकवलं, कोपर कुठे टेकवायचं ते शिकवलं, श्वास शिकवला. सरांनी मला जे सहा वर्षांत दिलं ते मी तिला सहा आठवड्यांत दिलं. ती झोपून गोळ्या मारणार, मी शेजारी झोपून दुर्बिणीतून बघणार. ठो. “नऊ.” ठो. “दहा.” ठो. “दहा.” दिवसाला शंभर. शंभर हो! आमच्या सरांनी बघितलं असतं तर गवतात बसून रडले असते. तिच्या रायफलीच्या वासाने माझी बोटं आपोआप वाकायची. एकदा काका म्हणाले, “तूही मारून बघ की एक.” एक! तीन हजारांच्या ढिगाशेजारी उभं राहून, एक. मी म्हटलं, “नको काका, मला गरज नाही.” तत्त्व. घरी येऊन दीडशे वेळा टक केलं.

मग जानेवारीत क्लबच्या फळ्यावर स्पर्धेची यादी लागली. माझं नाव, आणि त्याच्या खाली कादंबरी. “अनया ताई, आय साइन्ड अप टू,” ती म्हणाली. “तू माइंड नाही ना करणार?” मी म्हटलं, “छे गं, उलट बरंच वाटलं.” इतकं बरं वाटलं की गाडी घरी येईपर्यंत हीटर लावायची गरज पडली नाही.

आता स्पर्धेला मारायचे शॉट साठ. सुरुवातीला अंदाज घ्यायचे चार-सहा वेगळे. आणि माझ्याकडे? पन्नास. दहा कमी, अंदाजाचे तर सोडूनच द्या. दर मंगळवारी दुकानात जायचे, हॅरल आजोबा लांबूनच मान हलवायचे. “यू शुड हॅव टेकन ऑल नाइन, हनी.” शेवटी मान खाली घालून प्रीतामावशींकडे गेले. म्हटलं, “मावशी, दहाच द्या. खोकं नको, दहा.”

मावशींचे डोळे भरून आले. “अगं, दिली असती गं, तुझ्याहून जास्त आहेत का ती? पण उद्या लागली तर?”

“मावशी, तुमच्याकडे बंदूक कुठंय?”

“बंदूक नंतर बघू. तू बस. मेथीचे लाडू खा.”

दहा काडतुसं मागायला गेले आणि दहा लाडू घेऊन आले. तेही आट्याचे. वसंतात साठवलेल्या.

स्पर्धेचा दिवस. मी एका गादीवर, शेजारच्या गादीवर कादंबरी. तिच्याजवळ दोन खोकी, मजेत सात-आठ अंदाजाचे मारले, रायफल जुळवून घेतली. माझं पहिलंच काडतूस मोजणीतलं. पहिले पाच कुठे गेले ते विचारू नका, तीन महिने ठिपक्यावर टक करणाऱ्या माणसाला खरी गोळी दचकवते. मग हात बसला. पन्नास संपले. हात वर केला. पंच आले. “आउट?” म्हटलं, “आउट.” सगळी रेंज माझ्याकडे बघतेय. दहा वर्षं, हो, आणि शेवटी मी रिकामी.

तेवढ्यात शेजारून एक ट्रे सरकत आला. दहा काडतुसं. कादंबरीने मानसुद्धा वळवली नाही. “घे ताई, इट्स फाइन. वी हॅव लाइक अ टन.”

घेतली. घ्यायला नको होती का? तुम्ही असता तर? घेतली आणि मारली. आणि काय सांगू, अशी बसली, अशी बसली… माझ्या तत्त्वाच्या पन्नासांत गुण चारशे बहात्तर, आणि तिच्या उसन्या दहांत अठ्ठ्याण्णव. तिची काडतुसंसुद्धा माझ्या काडतुसांपेक्षा बरी. एकूण पाचशे सत्तर. कादंबरी पाचशे एकाहत्तर.

एका गुणाने. राज्याला ती गेली. माझ्या गळ्यात पडून रडली वर, “ऑल बिकॉज ऑफ यू, ताई.” मीही रडले. कारण तिला वाटलं ते नव्हतं.

बक्षीस काय होतं विचारा. क्लबचे अध्यक्ष फार अभिमानाने म्हणाले, या वर्षी कप नाही, कपापेक्षा दुर्मीळ गोष्ट देतोय. पहिलं बक्षीस पाचशे काडतुसं. कादंबरीला. गुरुनाथकाका टाळ्या वाजवता वाजवता म्हणाले, “आता कपाट नवं घ्यावं लागणार.” दुसरं बक्षीस मला. एका खोक्याचं कुपन. खाली बारीक अक्षरांत, माल उपलब्ध असल्यास.

आता पुढची गंमत ऐका. बाबांना कौतुक. त्यांनी घरी येऊन कुपनाचा फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला, ‘अनयाला दुसरा क्रमांक, बक्षीस काडतुसांचं कुपन.’ चाळीस घरं. एकाने अभिनंदन लिहिलं असेल? पहिला प्रश्न, ‘कुपन कुठे देतायत?’ दुसरा, ‘माणशी एकच का?’ तिसरे गुरुनाथकाका, ‘थँक्यू फॉर द अलर्ट.’

मंगळवारी कुपन घेऊन दुकानात गेले. रांग कुठपर्यंत होती ते सांगत नाही, पण थर्मास ओळखीचे होते. माझा नंबर आला तेव्हा हॅरल आजोबांनी लांबूनच मान हलवली. कुपनावरची बारीक अक्षरं मला वाचूनही दाखवली, मोठ्या प्रेमाने.

तर आता माझ्याकडे पन्नासही नाहीत. कुपन आहे, फ्रिजवर लावलंय. काल प्रीतामावशी आल्या होत्या, चहा पिताना सारखं तिकडेच बघत होत्या. निघताना हळूच म्हणाल्या, “अनया, तू वापरणार नसलीस तर ते मला देऊन ठेव ना.”

म्हटलं, “मावशी, दुकानात काडतुसंच नाहीत. कुपन घेऊन करणार काय?”

तर म्हणाल्या, “अगं, काडतुसं नंतर बघू.”