दोरीचे दोन हिसके

जबाब देणार: दत्तप्रसाद बाबली गावस, वय ४८, धंदा पंप ऑपरेटर, राहणार धारगळ, तालुका पेडणे.

समक्ष विचारल्यावरून सांगतो की, नदीवरच्या पाणीपुरवठा योजनेच्या पंपघरात मी नोकरीला आहे. तिथल्या डोहात खडस मासे अंडी घालतात. ही जात आता संपत आली आहे. पिल्ले पंपात ओढली जाऊ नयेत म्हणून पाइपाच्या तोंडाला बारीक जाळी आहे. जाळीत पाला अडकतो. तो काढायला माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा सगुण परब हवेची नळी लावून उतरत असे. तोवर पंप बंद ठेवून त्याच्या कमरेला बांधलेली दोरी काठावर मी धरायची. मी एक हिसका द्यायचा, त्याने दोन. दोन आले की माणूस ठीक.

सोमवारी दुपारी तो उतरला. योजनेच्या साहेबांचा फोन आला, टाकी रिकामी आहे, पंप लावा. मी दोरी ओढली. दोन हिसके आले. माणूस खाली आहे, असे मी कळवले. साहेब फोन करत राहिले, मी दोरी ओढत राहिलो. दर वेळी दोन. शेवटी मलाच भीती वाटली, कारण हिसके अगदी सारखे येत होते. सगुण भारी मस्करीखोर, दुसरा मुद्दाम उशिरा देऊन मला घाबरवायचा.

मी अग्निशमन दलाला बोलावले. त्यांनी दोरी कापून त्याला वर काढले. जाळी फाटली होती आणि तो त्या फाटीला छाती लावून होता. पिल्ले त्याच्याभोवती स्थिर उभी होती, असे काढणारे सांगतात. उतरताच नळी निसटून तो गेला असावा, असे डॉक्टर म्हणाले. मग मला उत्तर कोण देत होते, ते मला माहीत नाही.

काल साहेबांनी पंप लावण्याचा हुकूम दिला. नवी जाळी अजून आलेली नाही. दोरीचे कापलेले टोक पाण्यात सुटे होते. सवयीने मी हिसका दिला. दोन आले. सगुणचे कपडे न्यायला माझी बहीण शेवंती आली होती. तिने दोरी माझ्याकडून घेतली आणि ओढली. पुन्हा एकदा ओढून पाहिली. मग म्हणाली, "दादा, माणूस खाली आसा. पंप लाव नको."

ताकाला जाऊन भांडे लपवत नाही. साहेबांची तक्रार खरी आहे, पंप मीच बंद ठेवला. गावांत पाणी नाही, लोक शिव्या देतात, त्यांचीही चूक नाही. पण नोकरी गेली तरी जाळी बसेपर्यंत मी बटण दाबणार नाही.

जबाब मला वाचून दाखवला. दोरीची वाक्ये खोडू काय, असे हवालदारांनी विचारले. मी खोडू दिली नाहीत. सांगितले तसेच लिहिले आहे, म्हणून सही करतो.