टाकीतल्या दिव्याचे तास

शोभेच्या माशांच्या दुकानात माशांचं खाणं घेऊन शिक्षिकाबाई गल्ल्यापाशी थांबल्या होत्या. त्यांच्या पुढे एक आजोबा, हातात माशांच्या टाकीतल्या झाडाचं काळपट पडलेलं पान.

"आहे त्याहून मोठा दिवा द्या. हातभर टाकी, पण झाडं जगतील तर शपथ!"

"दिवा ठीक आहे, आजोबा. किती वेळ लावता?" दुकानदाराने विचारलं.

"सकाळी सहा ते रात्री दहा."

"अहो, म्हणून तर शेवाळ माजलंय! आठ तास पुष्कळ झाले."

"आठच? बायको अंथरुणाला खिळलीय. दिवसभर तेवढंच बघते. अंधाऱ्या टाकीत काय बघेल?"

"मग दोन पाळ्या करू. चार तास सकाळी, चार संध्याकाळी. दुपारी आजी झोपतात ना?"

"कसली झोपते! मला डुलकी लागावी म्हणून डोळे मिटून पडते."

"आणि तुम्ही?"

"तिचं समाधान व्हावं म्हणून खोटं खोटं घोरतो."

बाईंनी हातातली पुडी वाजू नये म्हणून घट्ट धरली.

"हा टायमर घ्या. एक वाजता आपोआप विझेल."

"दीडला करा. जेवल्यावर अर्धा तास ती मला टाकीतल्या बातम्या सांगते. मग विझू दे. दोघंही खरंच झोपू."