सॉसमध्ये एकदाच

कोतोहा : आजी, थांब! परत नाही बुडवायचं! भिंतीवर एवढं मोठं लिहिलंय, सॉसमध्ये एकदाच.

तोमिए : अगं, काडीला टोचलेलं तळण अर्धं कोरडंच राहिलं.

कोतोहा : मग कोबीच्या पानानं सॉस घे आणि वरून घाल. हे बघ, असं. भांडं सगळ्यांचं आहे, उष्टं चालत नाही.

तोमिए : ओसाकाच्या पोरी आता आजीला शिस्त लावणार. बरं बाई, कोबी तर कोबी. सूनबाई, तुझी कमळकाकडी तशीच पडलीय.

चिनात्सु : खाते ना, आई. तुम्ही घ्या अजून. कोळंबी मागवू?

तोमिए : सकाळपासून मागवतेच आहेस. देवळापाशी तांदळाचे गोळे, मनोऱ्याखाली ऑक्टोपसचे गोळे, आता हे तळण. माझं पोट आहे की गोदाम?

चिनात्सु : तुम्ही गावाहून कधी येता एवढ्या लांब! आजचा दिवस तुमचा.

तोमिए : तेच तर म्हणतेय. सकाळी माझ्या मुळ्याच्या लोणच्याला छान म्हणालीस. लग्न होऊन आलीस तेव्हापासून कधी म्हणाली नव्हतीस.

चिनात्सु : छानच झालं होतं.

तोमिए : खारट झालं होतं. मीच वर तांब्याभर पाणी प्यायले. बसमध्ये खिडकी मला. मनोऱ्यावर नवस पुरवणाऱ्या त्या हसऱ्या देवाचे तळपाय घासत बसलीस, मागची रांग खोळंबली. तेव्हाच मी मनात म्हटलं, तोमिए, एक तर डॉक्टरांनी हिला तुझ्याबद्दल काही सांगितलंय, नाही तर हिलाच तुला काही सांगायचंय.

कोतोहा : मी काही बोलले नाही हं!

तोमिए : तुला कुणी विचारलं?

चिनात्सु : कोतोहा, जा, पाणी घेऊन ये.

तोमिए : बसू दे तिला. आणि तू बोल. गार झालं की हे तळण चामडं होतं.

चिनात्सु : आई... हिरोसे म्हणून एक आहेत. आमच्या दवाखान्याशेजारी औषधांचं दुकान आहे, तिथले. त्यांनी लग्नाचं विचारलंय. मी हो म्हटलेलं नाही अजून. तुमच्याशी बोलल्याशिवाय म्हणणारही नाही.

तोमिए : आणि मी नको म्हटलं तर?

चिनात्सु : तर नाही. शुहेई गेले, माझ्या माहेरच्या दाराला तर कधीचं कुलूप. मोठं माणूस म्हणून तुम्हीच उरलात. उद्या दुसऱ्याच्या घरात गेले, तर मी तुमची कोण?

तोमिए : ...कोतोहा, कसा आहे गं तो माणूस?

कोतोहा : माझ्या माशातले काटे काढून देतो. पण विनोद फार वाईट करतो.

तोमिए : तुझ्या बाबाचेही वाईटच असायचे. सवय आहे तुझ्या आईला.

चिनात्सु : तुम्हाला वाईट वाटलं, आई.

तोमिए : वाटलं. माझा मुलगा होता, वाटणार नाही? पण मी हिशेबी बाई आहे. तो आजारी पडला, तेव्हा त्याच्या उशाशी तू जागलीस. तो गेल्यावरही दर ओबोनला, पितरांच्या सणाला, पोरीला घेऊन येतेस, त्याच्या थडग्यावरचं शेवाळ घासतेस, आणि जाताना माझ्या पायाची नखं कापून जातेस. तुझ्या बाजूला एवढं जमा. माझ्या बाजूला काय? खारट लोणचं.

कोतोहा : म्हणजे हो ना, आजी?

तोमिए : दुसऱ्यांदा बुडवायची बंदी सॉसला आहे, पोरी. लग्नाची पाटी मला तरी कुठे दिसली नाही.

चिनात्सु : आई!

तोमिए : सॉसच्या भांड्यावर रडू नकोस. सगळ्यांचं आहे ते. आणि आता खरंच कोळंबी मागव.

(स्टेशनाजवळच्या मोठ्या दुकानाचं तळघर. मिठाईचा काउंटर.)

कोतोहा : हा डबा शेजारच्या काकूंना, हा तुझी मांजर सांभाळणाऱ्या आजोबांना. आणि हा सगळ्यात मोठा?

तोमिए : त्या हिरोसेला आई आहे ना?

चिनात्सु : आहेत. हिमेजीला असतात. भेटायला ये म्हणून त्यांचा निरोप आलाय, मीच पुढे ढकलत होते.

तोमिए : आता ढकलू नकोस. आणि रिकाम्या हातानं जाऊ नकोस. हा ने.

चिनात्सु : एवढा महागातला कशाला, आई?

तोमिए : स्वस्तातला नेलास तर माझी लाज जाईल.

चिनात्सु : तुमची कशी?... आई, ही काउंटरवरची मुलगी विचारतेय, डब्यावरच्या कागदाच्या पट्टीवर देणाऱ्याचं नाव काय घालू? माझं सांगते.

तोमिए : नवरीनं स्वतःच्या नावानं द्यायचं असतं होय?

कोतोहा : मग माझं घाला!

तोमिए : माझं घाला म्हणावं. मुलीकडचं मोठं माणूस मीच आहे.