डाग काढलेली सफरचंदं

नाही नाही, पोरी, ती टोपली नको उचलूस, तिच्यात बटाटे आहेत — सफरचंदं या खोलीत, बटाटे त्या खोलीत, शेजारी ठेवले की दोन्ही बिघडतात. बस जरा. काकू नाही घरी, बहिणीकडे गेलीय, उद्या येईल. बाबा कसे आहेत तुझे? चार दिवस पोटात काही नाही? हं. आजारपणात तोंडाची चव जाते... आलीच आहेस तर बघून ठेव — एकेक फळ कागदात गुंडाळायचं, देठ वर, एकाला दुसरं टेकू द्यायचं नाही, आणि दर आठवड्याला सगळी हातात घेऊन बघायची. ते काम माझं. मी शाळा पाहिली नाही, पण कुठलं आतून मऊ पडलंय ते माझ्या बोटांना कळतं. डागाळलेलं निघालं की ते घरात. ही, म्हणजे तुझी काकू, डाग काढून टाकते, राहिलेल्याच्या फोडी करते, थोडं पाणी, थोडी साखर, दालचिनीचा तुकडा, वर झाकण, आच मंद. आणि अख्खी, लालबुंद, ती खालच्या फळीवर — ती कुणाची? तुझ्या बाबांची. चाळीस वर्षं झाली. नवऱ्याला डागाची, आणि भिंतीपलीकडच्या शिंप्याला निवडक. मला राग नाही हं. राग कशाला येईल?

आता विषय निघालाच आहे तर — हिच्या लोकरीच्या कोटाला तुझ्या बाबांनी आतून एक खिसा शिवून दिला होता. कुणी सांगितलं नव्हतं. किल्लीसाठी. ही सारखी किल्ली हरवायची, ते मला दिसत नव्हतं का? दिसत होतं की. दरवेळी मीच शोधून द्यायचो — पलंगाखाली वाकून, कणगीमागे हात घालून. पण खिसा काही सुचला नाही मला. कोटाची कॉलर गेली, रंग विटला, तरी हिला तोच लागतो. बहिणीकडेही तोच घालून गेलीय. असो.

तर मागच्या आठवड्यात — हे तुझ्याजवळच ठेव — मी खालच्या फळीवरच्या एकेका सफरचंदाचा कागद सोडला आणि अंगठा दाबला. जोरात नाही, हळूच. परत गुंडाळून ठेवलं. डाग पडला म्हणजे ते घराचंच झालं ना? या वयात मी हे असं केलं, बघ. परवा हिने कागद सोडले. सगळ्यांना एकाच जागी डाग, देठाच्या डावीकडे, माझ्या अंगठ्याएवढा. माझ्याकडे पाहिलं, बसून सगळी चिरली, मोठं पातेलं चढवलं, आणि निघताना चपला घालत म्हणाली, "तुम्हांला हवी होती तर मागायची." एवढंच. तेव्हापासून तेच खातोय मी.

म्हणजे आता त्या फळीवर तुला द्यायला अख्खं एकही नाही. नकोच? मग काय — कसलं? शिजवलेलं? वहिनी घरात करतात ते... असं म्हणाले बाबा? आणि आजवर नेलेली? खिडकीत सुकतात. दात कधी गेले त्यांचे — बारा वर्षं? आणि बारा वर्षं हिच्या हातून अख्खी घेत राहिले, चकार शब्द न काढता? का? नाही म्हटलं तर वहिनी द्यायच्या बंद होतील म्हणून... आणि भिंतीपलीकडून आमच्या पातेल्याचा वास आला की काय म्हणायचे? सांग, सांग, मला वाईट नाही वाटायचं. — "त्या म्हाताऱ्याचं बरं आहे."

हं.

थांब. या ताटलीखाली शेवटची वाटी आहे. माझी होती, संध्याकाळची. धर. अगं धर, मला भूक नाही. कोमट करून दे, फोडी चमच्याने मोडून. विचारलं तर वहिनींनी केलंय म्हण, खरंच आहे ते. डाग शिजल्यावर दिसत नाहीत. आणि त्यांना सांग — नाही, काही नको सांगूस. जा तू. दार ओढून घे.